व्हल्कन हॉटेल, सेंट फॅगन्स : टाइल्स पाहायला जाणाऱ्यांसाठी

आधी नावाचा घोळ मिटवू. मराठीत ‘हॉटेल’ म्हटलं की पोटपूजा आठवते, इंग्रजीत मुक्कामाची खोली. वेल्सची राजधानी कार्डिफ, तिथल्या व्हल्कन हॉटेलचा दोन्हींशी फारसा संबंध नाही. तळमजला आणि वर एक मजला एवढाच त्याचा पसारा. कामगारवस्तीतला हा छोटा पब, आणि ‘हॉटेल’ ही पाटीवर चढवलेली इभ्रत. वेल्समध्ये अशी पाटी लावलेले पब गावोगाव सापडतात.

कार्डिफच्या ॲडम्सडाउन भागात, ॲडम स्ट्रीटवर, तुरुंगाच्या जवळ ही इमारत उभी होती. मद्यगृह म्हणून तिची पहिली नोंद 1853ची. 2012 मध्ये पब बंद झाला, इमारत उतरवली गेली आणि सेंट फॅगन्सच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात पुन्हा उभी राहून मे 2024 मध्ये लोकांसाठी उघडली. मधली बरीच वर्षं ती सुट्या भागांच्या रूपात होती. आज तिथे खरी बिअर मिळते, पण इमारत मांडली आहे 1915 सालातली. या परीक्षणाचा विषय बिअर नाही. इमारत पाहायला जायचं असेल तर काय पाहावं, कुठे फसगत होते आणि काय उणं आहे, एवढंच इथे सांगायचं आहे.

1915च का? कारण त्या सुमाराला पबचं मोठं नूतनीकरण झालं. आतल्या खोल्यांची मांडणी बदलली आणि बाहेर तळमजल्याच्या दर्शनी भिंतीवर हिरव्या-तपकिरी टाइल्स चढल्या. लोकांच्या लक्षात राहिलेलं व्हल्कन ते हेच. म्हणजे समोर उभं राहिल्यावर आपण दोन वेगळ्या काळांतली कामं एकावर एक पाहत असतो. आतलं अंग 1853चं, अंगरखा 1915चा. हे ध्यानात ठेवलं की बाकीचं सगळं उलगडत जातं, आणि नाही ठेवलं तर इमारत नुसतीच ‘छान जुनी’ दिसते.

अंगापासून सुरुवात करू. 1830च्या बिअरहाउस कायद्याने कर भरणाऱ्या कुणाही घरमालकाला दोन गिनी फी भरून स्वतःच्या घरात बिअर विकायची मुभा दिली. पुढे 1869 मध्ये हे परवाने पुन्हा मॅजिस्ट्रेटांच्या हाती गेले. मधल्या चाळीसेक वर्षांत औद्योगिक शहरांत जे छोटे पब उगवले, त्यांचा घाट घरातच बिअर विकायच्या या मुभेने ठरवला. पुढची खोली गिऱ्हाइकांची, मागची कुटुंबाची किंवा जरा बऱ्या गिऱ्हाइकांची, वर निजायच्या खोल्या. मोठ्या सरायांची ऐसपैस कमान नाही, घोडागाड्यांचं आवार नाही. व्हल्कनची रुंदी, दारांची उंची, खिडक्यांमधलं अंतर पाहा; हे प्रमाण घराचंच आहे. वस्तीही तशीच होती. न्यूटाउन, लोकांच्या तोंडी ‘लिटल आयर्लंड’. गोदीत आणि रेल्वेत राबायला आलेल्या आयरिश कुटुंबांची ही वस्ती. मुष्टियोद्धा जिम ड्रिस्कॉल इथलाच. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात ती पाडली गेली आणि व्हल्कन एकटं उरलं. म्हणून शेवटच्या काळातल्या छायाचित्रांत ते गाड्यांच्या तळाशेजारी, भोवती कुणी नसल्यासारखं दिसतं. संग्रहालयात ते सुटं उभं आहे म्हणून कुणी नाक मुरडू नये, सुटेपणाची सवय त्याला आधीपासून होती. पण 1915 सालचं दृश्य म्हणून विचाराल तर ही उणीव खरी आहे. दाट घरांच्या गल्लीत अशी चकाकती दर्शनी भिंत कशी उठून दिसत असेल, ते इथे कल्पनेनेच भरून काढावं लागतं.

आता अंगरखा. इथे पाऊण तास सहज जातो, जाऊ द्यावा.

पबच्या बाहेर टाइल्स लावणं ही तेव्हाची हौस नव्हती, हिशोब होता. दगडी कोळशाच्या धुराने शहरातलं गिलावाकाम वर्षा-दोन वर्षांत काळवंडायचं. रंग दिला तर तोही पुन्हा पुन्हा द्यावा लागे. ग्लेझ केलेली, म्हणजे काचेसारखा थर भाजून चढवलेली टाइल मात्र ओल्या फडक्याने पुसली की लख्ख. रस्त्यावरून उडणारा चिखल, दारात लवंडलेली बिअर, भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्यांची खांद्या-डोक्याची तेलकट खूण, कशाचाच डाग धरत नाही. त्यात नावही टाइलमध्येच घडवलं की पाटी रंगवायचा खर्च कायमचा मिटला. व्हल्कनचं नाव असंच टाइलकामात आहे. ते जवळ जाऊन वाचा, लांबून नको.

जवळ गेल्यावर पहिली गोष्ट बघायची ती ग्लेझची जाडी. रंगीत पारदर्शक ग्लेझ भट्टीत वितळून वाहतं. उठावाच्या कडेवरून ते ओघळतं आणि खोलगट भागात साचतं. त्यामुळे एकाच टाइलमध्ये कडेला फिका आणि खाचेत गडद असा एकाच रंगाचा चढउतार मिळतो. हिरव्यात हे फार सुंदर दिसतं. तपकिरीत जरा लपतं, पण तिरप्या उजेडात सापडतं. सपाट टाइलवरही जुन्या ग्लेझला किंचित लहर असते. खिडकीचं किंवा झाडाचं प्रतिबिंब त्यात वाकडं पडतं. प्रतिबिंब काचेसारखं सरळ आलं, कडा सुरीने कापल्यासारख्या धारदार दिसल्या आणि रंग कुठूनही पाहिला तरी तोच राहिला, तर ती टाइल बहुधा अलीकडची. कोणत्याही जुन्या टाइलकामाला ही कसोटी लागू पडते, आणि पुन्हा उभारलेल्या इमारतीत ती वापरण्यात वेगळीच गंमत आहे.

दुसरी गोष्ट, सांधे. अशा कामात सांधा दोन मिलिमीटरच्या आत ठेवायची पद्धत होती. लांबून भिंत एकसंध दिसते ती त्यामुळे. सांधे बारीक ठेवायचे तर प्रत्येक टाइल मापात लागते, आणि दुरुस्तीवाल्याचे हाल इथेच होतात. ब्रिटनमधल्या त्या काळच्या टाइलचं नेहमीचं माप 6 इंच चौरस, म्हणजे 152.4 मिलिमीटर. आज बाजारात मिळते ती 150ची. एका टाइलला फरक नगण्य वाटतो, पण वीस टाइल्सच्या रांगेत तो 48 मिलिमीटर होतो. म्हणजे रांग पुरी करायला एक तर सांधे दुपटीहून जास्त फुगवावे लागतात, नाही तर शेवटी एक पट्टी कापून घुसवावी लागते. दोन्ही चुका नजरेला लगेच टोचतात. म्हणून नवी टाइल मुद्दाम घडवून घ्यावी लागते, आणि तिथेही एक खोच आहे. माती वाळताना आणि भाजताना आकसते, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. जुन्या टाइलवरून सरळ साचा काढला तर नवी टाइल तेवढीच लहान निघते. आधी वाढीव मापाचा नमुना करायचा, मग साचा. रंगाचं तर विचारूच नका. जुन्या ग्लेझमध्ये शिसं असायचं, त्याची खोली बिनशिशाच्या ग्लेझमध्ये आणायला चाचण्यांवर चाचण्या भाजाव्या लागतात.

तिसरी गोष्ट, तडे. ग्लेझवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी दिसली तर घाबरायचं कारण नाही. माती ओलाव्याने वर्षानुवर्षं सूक्ष्म फुगत जाते, वरचं ग्लेझ ताणलं जातं आणि तडकतं. हे वयाचं लक्षण आहे. काळजी करायची ती ग्लेझचा टवका उडून खालची फिकी माती उघडी पडली असेल तर. तो उद्योग बहुतेक वेळा पाण्याचा असतो. उघड्या सांध्यातून पाणी मागे शिरतं, थंडीत गोठून फुगतं आणि ग्लेझला आतून ढकलतं. भिंतीत लोखंडी खिळा किंवा पट्टी असेल तर आणखी वाईट. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि टाइल मधोमध चिरते. खार हा तिसरा शत्रू. भिंतीला लोणा लागला की तो बाहेर पडायला वाट शोधतो; समोर ग्लेझ, सांध्यात कडक सिमेंट, मग तो टाइलच्या पाठीमागे साचतो आणि तिला भिंतीपासून सोडवतो. बोटाच्या पेराने हलकं टिचकारलं तर अशी टाइल पोकळ वाजते. संग्रहालयात हा प्रयोग करू नये, हे सांगायला नको. पण रस्त्यावरच्या एखाद्या जुन्या पबपाशी कुणी पाहत नसेल तर हरकत नाही.

आता मुख्य पेच. ही इमारत हलवली कशी, हे समजून घ्यायचं तर एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातलं वीटकाम चुन्यात असतं. चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ असतो, त्यामुळे वीट हलक्या हाताने सुटते, घासली की पुन्हा वापरता येते. जुन्या इमारती आणून उघड्यावर पुन्हा उभारणाऱ्या सेंट फॅगन्ससारख्या संग्रहालयांचा सगळा खेळ या मऊपणावर चालतो. चुन्यातली भिंत उतरवता येते, सिमेंटातली फोडावी लागते. टाइल मात्र सिमेंटात बसवली जाई. ती सोडवायला गेलं की सिमेंट जिंकतं आणि टाइल हरते. मागून करवतीने कापत किंवा पाठीमागच्या विटेसकट काढावी लागते, आणि तरी काही तुटतातच. म्हणजे जुनी भिंत हलवणं सोपं आणि तिच्यावरचा साठ वर्षांनी लहान अंगरखा उतरवणं अवघड. सगळ्यांनी पाहायचा तो मात्र अंगरखाच.

पुन्हा उभारतानाही हाच पेच उलटा होऊन येतो. विटा चुन्यातच लावायला हव्यात. अशा कामाला जलीय (पाण्याने घट्ट होणारा) चुना आणि वाळू साधारण एकास अडीच ते तीन या प्रमाणात घेतात, आणि हवा पाच अंश सेल्सिअसच्या खाली गेली की काम थांबवतात, नाहीतर चुना बसायच्या आधी गोठून भुसभुशीत होतो. वेल्सच्या हवेत याचा अर्थ असा की हिवाळ्यातले आठवडेच्या आठवडे हात बांधून बसायचं. चुन्याच्या भिंतीला श्वास लागतो, आणि तिच्या तोंडावर आपण काचेसारखी टाइल चढवणार. ओल मग वरून, मागून किंवा आतल्या गिलाव्यातून बाहेर पडायला हवी. जुन्या टाइलवाल्या पबांत आतली भिंत खालून पोपडे धरते ती यामुळे. आतून सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक रंग दिला की दोन्ही तोंडं बंद. पुढची दहा वर्षं मालक छत गळतंय का ते शोधत राहतो.

आत शिरल्यावर नजर आधी जमिनीकडे जाते. लाकडाचा भुसा, आणि पीकदाण्या. व्हल्कनच्या बारमधला भुसा प्रसिद्धच होता, इतर पबांनी तो कधीच झाडून टाकल्यावरही इथे तो राहिला. त्याचं काम साधं होतं. सांडलेली बिअर, बुटांचा चिखल आणि नेम चुकलेली थुंकी शोषून घ्यायची. रात्री सगळं झाडून बाहेर, सकाळी नवा थर. संग्रहालयातला भुसा अर्थातच सुखवस्तू आहे. कोरडा, स्वच्छ, सुगंधी. 1915 सालच्या बारमध्ये नाक मुठीत धरावं लागलं असतं. तंबाखूचा धूर तर आता कायद्यानेच नाही. वेल्समध्ये 2 एप्रिल 2007 पासून बंद जागेत धूम्रपानाला बंदी आहे. अशा खोल्यांतले तपकिरी रंग मुळात त्या धुरावर उतारा म्हणून निवडलेले. छत पिवळं पडणारच, मग आधीच पिवळट रंगवा. धूर गेला आणि रंग राहिला.

काउंटरवरच्या हातपंपाकडे पाहा. तो पिपातली बिअर गॅसच्या दाबाशिवाय, निव्वळ हाताने ओढतो. पारंपरिक नळकांड्यात एका ओढीला अर्धा पिंट येतो, म्हणजे 568 मिलिलिटरच्या पिंटला दोन पुऱ्या ओढी आणि वर थोडी पुरवणी. ओढणाऱ्याचा कोपर मागे जायला जागा लागते, म्हणून काउंटरमागची वाट फार अरुंद ठेवून चालत नाही. खोल्या इतक्या लहान असताना ही जागा कशी काढली आहे, ते बघण्यासारखं आहे. पेय म्हणून ग्लॅमॉर्गन ब्रूइंग कंपनीने या पबच्या नावाची एल, म्हणजे बिअरचा एक प्रकार, केली आहे.

पुरुषांच्या मुतारीत नक्की जा. चिनी मातीची जुनी भांडी ही व्हल्कनची दुसरी ख्याती, आणि टाइलकामाचा न्याय इथेही तोच. ओल, दुर्गंधी आणि रोजची धुलाई सहन करणारा, घासायला सोपा पृष्ठभाग. फरक इतकाच की बाहेर त्याला सौंदर्य म्हणतात.

आता तक्रार. संग्रहालय सकाळी 10 ते संध्याकाळी 5 उघडं असतं. म्हणजे हा पब आपल्याला कायम दिवसाउजेडी भेटतो. पबची वास्तू रात्रीसाठी रचलेली असते. नक्षीच्या काचेतून बाहेर पडणारा पिवळा उजेड, ओल्या रस्त्यावर आणि टाइल्सवर त्याची चमक, आतून येणारा आवाज, हे सगळं पाचनंतरचं. त्यातही 1915 हे साल निवडल्याने एक गमतीदार विपर्यास झाला आहे. त्या वर्षी सरकारने दारूच्या व्यापारावर मध्यवर्ती नियंत्रण मंडळ नेमलं. त्याच्या आदेशाखाली आलेल्या भागांत पब दिवसाला साडेपाच तासच उघडे राहू लागले, दुपारी अडीचला बंद आणि संध्याकाळी पुन्हा सुरू. दुसऱ्यासाठी ग्लास विकत घेणंही गुन्हा ठरला. दुपारच्या बंदीचा हा कित्ता थेट 1988 पर्यंत चालला. शिवाय 1881च्या कायद्याने वेल्समध्ये रविवारी पब बंद. कार्डिफमध्ये तो रविवार सुटला 1961च्या मतदानानंतर. थोडक्यात, पाहुण्यांची सर्वाधिक गर्दी होते ती रविवारी दुपारी साडेतीनची वेळ 1915 सालच्या गिऱ्हाइकाला मिळालीच नसती. याबद्दल एखादी ठळक पाटी दारातच हवी. इमारतीच्या अभ्यासापेक्षा तेवढी एक पाटी जास्त इतिहास शिकवेल. आणि हिवाळ्यात, अंधार लवकर पडतो तेव्हा, महिन्यातून एखादी संध्याकाळ पब उशिरापर्यंत चालू ठेवायला हवा.

या संग्रहालयात पबला यायला लागलेला वेळही बोलका आहे. 1948 मध्ये ते उघडलं तेव्हा डोळ्यांसमोर होता तो ग्रामीण वेल्स. पेनऱ्हिव्हचं 1777चं प्रार्थनामंदिर 1956 मध्येच इथे आलं. डेन्बीच्या हॉक अँड बकल सरायीच्या आवारातलं गोल, गवती छपराचं कोंबड्यांच्या झुंजीचं घर 1970 मध्ये. अख्खा पब यायला 2024 उजाडलं. मद्यपानविरोधी चळवळीने ज्या देशाला रविवार कोरडा पाळायला लावला, तिथे हे अनपेक्षित नाही. म्हणून व्हल्कन पाहून झाल्यावर पेनऱ्हिव्हला जाऊन या. एकाच देशाची दोन घरं, दोघांच्या बाकांवर बसून पाहावं.

जाण्याची व्यवस्था सोपी आहे. सेंट फॅगन्स कार्डिफच्या मध्यापासून पश्चिमेला चारेक मैलांवर. गाडीने आलात तर एम4च्या 33व्या जंक्शनवरून ए4232 घ्या, पाट्या लागतात. प्रवेश फुकट, गाडी लावायला पैसे. टाइल्ससाठी जायचं तर सुट्ट्या आणि शनिवार-रविवार टाळा, उघडल्याउघडल्या पोहोचा आणि सरळ व्हल्कनकडे चला. आकाशात विरळ ढग असलेला दिवस उत्तम. कडक उन्हात ग्लेझ नुसतं चमकतं आणि फोटोत पांढरा डाग येतो. पावसात सगळ्याच टाइल्स सारख्या तुकतुकीत दिसतात, जुनी-नवी कळत नाही. कॅमेऱ्याला चकाकी कमी करणारा ध्रुवीकरण फिल्टर असेल तर न्या, नसेल तर भिंतीशी काटकोनात न राहता बाजूने फोटो घ्या.

आणि एक तुलना करायचीच असेल तर त्याच दिवशी शहरात परतून कस्टमहाउस स्ट्रीटवरचा गोल्डन क्रॉस पाहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, संरक्षित यादीतला आणि आपल्या मूळ जागीच उभा असलेला पब. आत टाइल्समध्ये कार्डिफचा किल्ला आणि जुनं नगरभवन यांची चित्रं आहेत, आणि काउंटरसुद्धा सिरॅमिकचा. व्हल्कन टाइलकामात त्याच्यापुढे साधं पडतं, यात वाद नाही. पण गोल्डन क्रॉस भर चौकातला होता आणि व्हल्कन गल्लीतला. गल्लीतले असे पब बहुतेक गेलेच. शिवाय गोल्डन क्रॉस संध्याकाळी पाचनंतरही उघडा असतो.